मास्तर असेपर्यंत

प्रिय बुटके,

तुझा निरोप येऊन आज बारा दिवस झाले. तुझ्या ड्रायव्हिंग स्कूलची दुसरी गाडी आली, पांढरी आहे, शिकवणाऱ्याच्या पायाखालीही ब्रेक बसवून झाला, आणि एक तारखेपर्यंत मी आले नाही तर शेजारच्या गल्लीतला तो मिशीवाला तिच्यात शिकवायला बसणार, हे सगळं तू एका दमात सांगितलंस. वर धमकी, की या वेळी 'बघते' म्हणायचं नाही. नाही म्हटलं बाई. काहीच म्हटलं नाही. दोनदा तुझा फोन नुसता वाजू दिला आणि तिसऱ्यांदा लेकीच्या हातात देऊन, आई बाहेर गेलीय म्हणून सांग, अशी खूण केली. ती कसली ऐकतेय! तिनं तुला सरळ सांगून टाकलं की आई इथंच आहे, पण तिचं तोंड उतरलंय. तेव्हा आता लपून उपयोग नाही. फोनवर तू मला हसवतेस आणि बोलायचं ते राहून जातं, म्हणून लिहायला बसलेय. पहिली पाळी संपवून दुपारी घरी आले, आईला जेवायला वाढलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावरच वही उघडली. इतकं सलग मी शाळा सुटल्यापासून लिहिलेलं नाही. वॉर्डात लिहिते ते नुसते आकडे, येताना वजन किती आणि जाताना किती.

मी दमलेय गं. आपण दोघी कपडे बदलायच्या खोलीत बुटांतून पाय काढून समोरच्या बाकावर टाकायचो आणि दहा मिनिटं एकमेकींशी बोलायचोसुद्धा नाही, ते दमणं वेगळं होतं. ते घरी येऊन आडवं झालं की जायचं. हे जात नाही. एकवीस वर्षं झाली, बुटके. सहाला यंत्रं तपासून सुरू करायची, सातला बारा खुर्च्या, बारा माणसं, प्रत्येकाच्या हातात दोन सुया, मग चार तास त्यांचं रक्त नळीतून बाहेर जाऊन धुऊन परत येताना बघत बसायचं. कुणाच्या पायात गोळे येतात, कुणाला गरगरतं, कुणी घरून जास्त पाणी पिऊन आलेला असतो आणि माझ्याकडे बघून शाळेतल्या पोरासारखा खोटं बोलतो. यंत्राची ती शिट्टी कानात इतकी भिनलीय की परवा शेजाऱ्यांचा ओव्हन वाजला आणि मी हातातलं ताट तसंच ठेवून उभी राहिले. पूर्वी नवं माणूस आलं की त्याचं नाव, गाव, आवडीनिवडी कोण आधी काढून घेतं यावर आपली पैज असायची. आता मला आठवडा आठवडा नाव लक्षात राहत नाही. खुर्ची रिकामी झाली की चौथ्या दिवशी यादीतला पुढचा माणूस येऊन बसतो, आणि खरं सांगू का, हल्ली मला माणूस आठवण्याआधी खुर्चीचा नंबर आठवतो. मला माझीच लाज वाटते.

आणि दुसरीकडे माझी रविवारची सकाळ. माझ्या वहिनीनं बावन्नाव्या वर्षी गाडी शिकायचं मनावर घेतलं, हे तुला सांगितलं होतं. भावानं दोन दिवस शिकवलं आणि तिसऱ्या दिवशी दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले, म्हणून ती माझ्या गळ्यात पडली. कारखान्यामागच्या मोकळ्या मैदानावर मी तिला घेऊन जायचे. क्लच सोडताना ती श्वास धरून ठेवायची, तोंड लालबुंद, जणू श्वास सोडला तर गाडी फुटेल. मी तिला गाणं म्हणायला लावलं. गाणारं माणूस श्वास धरू शकत नाही, ही युक्ती वॉर्डातली, सुईला घाबरणाऱ्यांसाठीची. भसाड्या आवाजात गात गात तिनं एके दिवशी मागे घेतलेली गाडी दोन पिंपांच्या मधोमध लावली आणि खाली उतरून चारी बाजूंनी फिरून बघून आली. माझ्या शेजारी बसून एका माणसाला नवीन काहीतरी आलं होतं. वॉर्डात असं होत नाही. तिथं आपण माणसाला आहे तिथं धरून ठेवतो. ते काम लहान नाही, मला कळतं, पण एकवीस वर्षं धरून धरून माझे हात भरून आलेत. त्या सकाळी घरी येताना मी एकटीच गाडीत हसत होते.

मग सोडत का नाहीस, असं तू दोन वर्षं विचारतेयस आणि दर वेळी माझ्याकडे उत्तर तयार. आधी लेकीची परीक्षा. ती झाली तर आईचा गुडघा. गुडघा बसवून आई तुरुतुरु चालायला लागली, तर मास्तर. मास्तर तुझ्यानंतरचे, तू त्यांना पाहिलेलं नाहीस, म्हणून थोडं नीट सांगते. चार नंबरच्या खुर्चीत बसतात, खिडकीपाशी, मंगळवार-गुरुवार-शनिवार. शाळेत भूमिती शिकवायचे. वय अठ्ठ्याहत्तर, अंगानं काडी, जीभ मात्र तिखट. डॉक्टरांना शुद्धलेखनाच्या चुका काढून दाखवतात. बायको गेलेली, मुलगा दूर, आणि हाताच्या शिरा अशा नाजूक की सुई दिसली की आत पळतात. चार वर्षांपूर्वी त्यांच्या हातावर मी काज केलं.

काज तुला सांगायला नको, पण लिहिता लिहिता मलाच नीट बघायचंय. एकाच माणसानं, त्याच जागी, त्याच कोनात, आठ-दहा वेळा सुई घातली की कातडीत कायमची वाट पडते. मग दर वेळी नवं भोक पाडावं लागत नाही, धार नसलेली सुईसुद्धा आपली वाट ओळखून आत जाते, दुखत नाही. अट एकच, हात एकाचा हवा. दुसऱ्याचा कोन जरा चुकला की आत खोटी वाट तयार होते आणि सगळं फिसकटतं. काज एकदा पक्कं झालं की दुसऱ्या कुणालातरी शिकवून ठेवायचं असतं. मी ठेवलं नाही. आधी वेळ नाही म्हणून, आणि मग, खरं सांगते, मला आवडायला लागलं होतं म्हणून. मास्तर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे की सिस्टरांचा हात म्हणजे हात, बाकीच्यांचे नुसते पंजे. बारा खुर्च्यांसमोर असं कुणी म्हटलं की अंगावर मूठभर मांस चढतं. आपल्याकडे कौतुक मिळतं कुठं दुसरं?

मार्चमध्ये मी गाडी शिकवण्याच्या परवान्याची परीक्षा दिली तो गुरुवार होता. तुला मी सांगितलं की छान झाली, पास झाले. पुढचं सांगितलं नाही. त्या दिवशी मास्तरांना वॉर्डातल्या नव्या मुलीनं सुई घातली. मुलगी चांगली आहे, मन लावून काम करते, पण तिला मी काही दाखवलंच नव्हतं. सुई आडवी गेली, रक्त कातडीखाली पसरलं, हात कोपरापासून मनगटापर्यंत वांग्यासारखा काळानिळा झाला. त्या दिवसाचं डायलिसिस अर्धंच झालं आणि मास्तर दोन दिवस धाप लागून दवाखान्यातच पडून राहिले. शनिवारी मी गेले तर त्यांनी सुजलेला हात माझ्यापुढे धरला, कुठं गेला होतात म्हणून विचारलंसुद्धा नाही. नवी मुलगी औषधांच्या खोलीत रडत होती. खरं तर चूक माझी होती, पण तसं मी तिला तेव्हा म्हटलं नाही. परवाना कपाटात कपड्यांखाली सरकवून दिला आणि मनाशी ठरवलं की मास्तर असेपर्यंत हलायचं नाही. मास्तर गेले की सोडायचं. किती सोपं वाटलं तेव्हा! जणू काही मी मोठा त्यागच केला होता.

असं ठरवलं की पुढं काय होतं ते आता ऐक. गेल्या महिन्यात एका मंगळवारी सात वाजले आणि चार नंबर रिकामी. मास्तर पावणेसातला येऊन बसणारे, घड्याळ त्यांच्याकडे बघून लावावं असे. सव्वासात झाले. फोन लावला, उचलेनात. साडेसात. नवी मुलगी माझ्याकडे बघायला लागली, मी तिच्याकडे. आणि बुटके, माझ्या पोटात गोळा यायला हवा होता की नाही? नाही आला. मला हलकं वाटलं. उन्हातून घरी येऊन चपला काढल्यावर वाटतं तसं. सुटले, असा शब्दच मनात आला, आणि त्याच्यामागोमाग तुझी गाडी, वहिनीचं गाणं, सकाळचं मैदान, सगळं भराभर येऊन उभं राहिलं. राजीनाम्याचं पहिलं वाक्यही मी मनात जुळवलं. चार वर्षं ज्यांचा हात माझ्या हातात होता, त्या माणसाची खुर्ची रिकामी आहे आणि मी मनात वाक्य जुळवतेय.

मग मास्तर आले. लिफ्ट बंद होती म्हणून तीन जिने एकेका पायरीवर थांबत थांबत चढून आले होते, आणि फोन खिशात मुका करून ठेवलेला. आल्या आल्या माफी मागितली, मला घाई तर झाली नाही ना म्हणून विचारलं. मी त्यांच्यावर सगळ्या वॉर्डासमोर अशी ओरडले, की मोठ्या सिस्टर आपल्या खोलीतून बाहेर आल्या. वेळ पाळता येत नसेल तर येऊ नका इथपर्यंत मजल गेली माझी. ते खुर्चीत बसले. हात पुढे केला. आणि चार वर्षांत पहिल्यांदा माझी सुई चुकली. माझ्याच काजात. मास्तरांनी दुसऱ्या हातानं त्यावर कापूस दाबून धरला. त्या दिवशी घरी येऊन मी न जेवता झोपले. नवऱ्यानं काय झालं विचारलं, तर डोकं दुखतंय म्हटलं. त्याला तरी काय सांगणार, की एक म्हातारा जिवंत निघाला म्हणून माझं डोकं दुखतंय?

गुरुवारी मी त्यांना सांगून टाकलं. सगळं नाही, इतकी काही मी धीट नाही. नोकरी सोडायचा विचार आहे, गाडी शिकवायची आहे, एवढंच. वाटलं होतं की आनंदानं पाठवतील, निदान तसं दाखवतील. कसलं काय! जा, म्हणाले, आणि तोंड फिरवून खिडकीकडे बघत बसले. शनिवारीही तेच. मंगळवारी मी पट्टा बांधत होते तेव्हा भिंतीशी बोलल्यासारखं म्हणाले की माझ्यासाठी थांबू नका, मी लवकर जाईन याचा काही भरवसा नाही, आमच्या घरात माणसं शंभरीला टेकतात. मी हसायला गेले आणि जमलं नाही. त्यांना कळलं होतं गं. त्या दिवशी मी का ओरडले ते त्यांना त्याच वेळी कळलं होतं. मी मान खाली घालून पट्टी चिकटवत राहिले.

त्यानंतरच्या गुरुवारी त्यांच्या पिशवीतून एक पुठ्ठ्याचा त्रिकोण निघाला. बुटाच्या खोक्याचा, कडा कात्रीनं नीट कापलेल्या, त्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं, पंचवीस अंश. गेल्या तीन वेळा मी सुई घालताना ते खिडकीकडे बघत नव्हते, काचेत माझा हात बघत होते, आणि घरी जाऊन कोन काढत होते. नव्या मुलीला त्यांनी समोर उभं केलं आणि अर्धा तास भूमिती शिकवली. सुई कशी धरायची, पुठ्ठा हाताला न लावता शेजारी कसा धरायचा, कड आणि सुई एका रेषेत आली की थांबायचं आणि मग ढकलायचं. ती घाबरून मनगट वाकवायला लागली की मास्तर तिला ओरडायचे, आणि मी बाजूला हात बांधून उभी. मला काही विचारलं नाही कुणी. पहिल्या दिवशी तिची सुई अडकली. दुसऱ्या दिवशी गेली. तिसऱ्या दिवशी, म्हणजे या मंगळवारी, लोणी कापावं तशी गेली आणि मास्तरांनी डोळेसुद्धा मिटले नाहीत. पूर्ण चार तास, एकही शिट्टी वाजली नाही.

जीव भांड्यात पडला असं लिहिणार होते, पण खोटं होईल. मला रागच आला आधी. इतकी वर्षं ज्याला मी माझा हात म्हणत होते, ज्याच्यापायी तुला दोन वर्षं लटकवलं, तो बुटाच्या खोक्याचा तुकडा निघाला! घरी येऊन नवऱ्यापुढे चडफडले, तर तो शांतपणे म्हणाला की बरंच झालं की, तुझ्यावाचून कुणाचा जीव अडकलेला नाही. त्याला ते सांत्वन वाटलं. मला मात्र ते ऐकून दुसरंच काहीतरी आठवलं आणि हातातला पेला तसाच राहिला. आज सकाळी पाळी सुरू होण्याआधी मोठ्या सिस्टरांच्या टेबलावर राजीनामा ठेवला. पंधरा दिवसांनी मी मोकळी. मास्तर आहेत, ठणठणीत आहेत, आणि ते असतानाच मला जायचंय. आणखी वर्षभर राहिले असते तर रोज पावणेसातला त्या खुर्चीकडे कशासाठी बघितलं असतं, हे मला आता माहीत आहे.

आता शेवटचं, ज्याच्यासाठी हे पत्र आहे. तू सोडून गेलीस त्याच्या तिसऱ्या आठवड्यात तुझ्या लायब्ररीतल्या बाई गेल्या, ज्यांचं काज तू केलं होतंस. मी तुला फोन करून म्हटलं की त्यांना तुझ्या हाताची सवय होती, तू थांबली असतीस तर. एवढंच म्हटलं आणि पुढचं तुझ्यावर सोडलं. तू पाच महिने माझ्याशी बोलली नाहीस, मग आपणहून बोलायला लागलीस आणि तो विषय कधी काढला नाहीस. पण तुझ्याकडे शिकलेल्या माझ्या मावसबहिणीनं सांगितलं की बाकी सगळे रस्ते फिरवतेस, दवाखान्याच्या रस्त्याला गाडी कधी नेत नाहीस. बुटके, मी खोटं बोलले होते. त्या रविवारी घरी जेवून उठल्या आणि हृदय बंद पडून गेल्या, सुईचा काही संबंध नाही असं डॉक्टरांनी मला स्वच्छ सांगितलं होतं. तू गेलीस त्या दिवसापासून त्यांना सुई मीच घालत होते आणि ती एकदाही चुकली नाही. तू निघून गेलीस आणि मला जमलं नाही, त्याचा तो राग होता, दुसरं काही नाही. दोन वर्षं मी येते येते म्हणत राहिले ते परीक्षा, गुडघा आणि मास्तर यांच्यामुळे थोडं, आणि तुझ्याशेजारी रोज बसून हे पोटात ठेवावं लागेल म्हणून जास्त. वाचून झाल्यावर मला गाडीत बसवायचं की नाही ते तू ठरव. नाही म्हणालीस तरी राजीनामा मी मागे घेणार नाही, आणि तुझ्यावर रागावणारही नाही. पण एक तुझं माझ्याकडे सहा वर्षं पडून आहे, ते देऊन टाकते. त्या शुक्रवारी मी सुई काढून पट्टी बांधत होते तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, की बुटकीला सांगा, माझं इथं काही अडत नाही, सुखानं गाडी चालव म्हणावं.

तुझीच,
लंबू